चित्र गेलं, अक्षर राहिलं



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, त्याला कारण घडलं. आमचा लॅपटॉप आजारी पडला होता. आता बरा आहे. (त्याच्यावरच हे लिहितोय.) पण त्या आजारपणात एक विचार डोक्यात शिरला तो काही जाईना, म्हणून म्हटलं लिहून टाकावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचा लॅपटॉप जुना आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. आमचा त्या यादीत बसेना. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री निवृत्त! (हा अनुभव आम्हां पेन्शनरांना नवा नाही.) तेव्हा पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता. त्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि उबुंटूच्या कुळातलं एक लिनक्स टाकून दिलं. भाषा मराठी निवडली. मेनू मराठी, वार मराठी, महिने मराठी. बसल्या जागी मराठी टाईप करता येतं. मी खूश. सौ. म्हणाली, "चला, निदान एक तरी यंत्र घरात तुमचं ऐकतं."

तीन-चार महिने ऐकलंही. मग एका सकाळी पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डचीच पाटी समोर. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पाचदा केलं. म्हणजे दार उघडतं, आपण पाऊल टाकतो, आणि पुन्हा बाहेर ओट्यावरच उभे!

पहिली शंका अर्थातच स्वतःवर. मराठी-इंग्रजी कीबोर्डची अदलाबदल झाली असेल, पासवर्ड देवनागरीत जात असेल. पण मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहिला, तर त्याने स्पष्ट सांगितलं की पासवर्ड चूक आहे. बरोबर टाकला की काही न बोलता परत पाठवतो. हा फरक मी वहीत लिहून ठेवला. नुसता चुकीचा आणि बरोबर असूनही नापास, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत हे इतकी वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला कळायला हवं.

मग मी काय करावं? जे सगळे करतात तेच केलं. लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने दोन मिनिटं पाहिलं. "काका, हे लिनक्स आहे. कोणी टाकलं हे? फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा."

"आणि आतलं सगळं?"

"डेटा जाणार, काका. बॅकअप असेल ना?"

बॅकअप होता, पण दिवाळीच्या आधीचा. मंडळी, हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या किती जणांचा कालचा बॅकअप आहे, हात वर करा बघू! असो.

त्या लॅपटॉपमध्ये एक फोल्डर होतं. भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरं आहेत हे इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. नव्या टॉवरांतल्या मुलांना मात्र गाडीच्या खिडकीतून दिसतात तेवढीच ठाऊक. त्या मिठागरांवर ज्यांनी हाताने मीठ ओढलं अशा काही म्हाताऱ्या माणसांशी मी त्या हिवाळ्यात गप्पा मारल्या होत्या. एकेक जण तास-तासभर बोलला. फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर उतरवून ठेवलं. एकूण सतरा फाइली. त्यांच्या बोलीतले शब्द, पाण्याची भाषा, वाऱ्याची भाषा. फोनमध्ये जागा हवी म्हणून फोनवरच्या पुसून टाकल्या होत्या. आणि त्या बोलणाऱ्यांपैकी दोघं तोवर गेले होते.

मी लॅपटॉप पुन्हा पिशवीत घातला. त्या मुलाला वाईट म्हणत नाही. दिवसाला वीस यंत्रं पाहायची, त्यात त्याला ज्याची माहिती आहे तोच रस्ता तो धरणार. पण घरी येताना रिक्षात एक गोष्ट मनात येत राहिली. मुलाने निबंधात एक वाक्य चुकीचं लिहिलं तर आपण अख्खी वही फाडत नाही. त्या वाक्याचं पृथक्करण करतो. कर्ता कोण, क्रियापद कुठलं, कुठे बिनसलंय. मग यंत्राच्या बाबतीतच आपण एवढे उतावीळ का?

घरी येऊन भाच्याला फोन लावला.

"मामा, घाबरू नका. पासवर्डची पाटी समोर आहे ना? आता कंट्रोल, आल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा. नाही झालं तर बरोबर एफएन पण दाबा."

दाबलं. सगळं चित्र गेलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आणि एक लुकलुकणारी रेघ.

"अरे, गेलं सगळं!"

"गेलं नाही मामा, चित्र गेलं फक्त. अक्षर आहे ना? मग यंत्र जिवंत आहे."

ते वाक्य मी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

आता जे मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो, जाणकारांनी सांभाळून घ्यावं. आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो, म्हणजे चित्रं, खिडक्या, माउसचा बाण, ते यंत्राचं मुख्य अंग नव्हेच. तो वरचा मजला आहे. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली जाहीर केला. पडद्यावर खिडक्या काढणारी एक्स नावाची व्यवस्था त्याच्याही आधीची, १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये सुरू झालेली. आणि आपल्याला दिसणारा नटवलेला डेस्कटॉप त्याहून वेगळा. केडीई १९९६ चा, ग्नोम १९९७ चा. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी बांधलेले मजले. त्यामुळे वरचा मजला बंद पडला तरी तळमजल्यावर दिवा चालू असतो. कंट्रोल-आल्ट-एफ-थ्री हा तळमजल्याचा जिना.

त्या काळ्या पडद्यावर नाव टाकलं, पासवर्ड टाकला. (टाकताना काहीही दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. घाबरू नये.) आत गेलो! वरच्या मजल्यावर ज्या पासवर्डने ओट्यावर उभं केलं, त्यानेच तळमजल्यावर आत घेतलं. म्हणजे पासवर्ड ठीक, हार्डवेअर ठीक, बिनसलंय ते मधल्या जिन्यात. एका फोनमध्ये निम्मा शोध लागला होता.

आणि इथेच मला तो धक्का बसला, ज्यासाठी हा लेख लिहितोय.

भाचा म्हणाला, "एलएस टाईप करून एंटर दाबा, तुमची फोल्डरं दिसतील." दाबलं. आणि पडद्यावर चौकोन आले. नुसते चौकोन! माझ्या सगळ्या फोल्डरांची नावं मराठीत होती ना. 'मिठागर' नव्हतं, 'पत्रव्यवहार' नव्हतं, सगळीकडे एकाच आकाराचे ठोकळे. तारीख विचारली, तर आकडे तेवढे वाचता आले, वार आणि महिन्याच्या जागी चौकोन. भाच्याला मी जे दिसतं ते वाचून दाखवायचं होतं. काय वाचणार? "चौकोन, चौकोन, चौकोन..."

तो हसला. म्हणाला, "मामा, तिथे मराठी दिसत नाही. लँग इज इक्वल टू सी टाईप करा, म्हणजे यंत्र निदान इंग्रजीत बोलेल." तसं केल्यावर वार-महिने इंग्रजीत आले. फोल्डरांच्या नावांचे चौकोन मात्र तसेच. नाव मीच मराठीत ठेवलं होतं, ते कसं बदलणार? बरं, ज्याचं नाव देवनागरीत आहे ते तिथे टाईपही करता येत नाही. म्हणजे माझं स्वतःचं फोल्डर समोर आहे आणि मला त्याला हाक मारता येत नाही.

याचं कारण मी नंतर शोधलं. हा काळा पडदा कर्नल स्वतः काढतो. त्याच्या फॉन्टमध्ये २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात, आणि प्रत्येक अक्षर एकेका ठरलेल्या खणात बसवायचं असतं. रोमन लिपीला तेवढं पुरतं. आपल्या लिपीचं तसं नाही. 'कि' लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर, पण कागदावर आधी. 'क्ष'मध्ये दोन व्यंजनं मिसळून तिसरंच रूप. 'ऱ्या'तला तो अर्धा र तर आपलं खास मराठी दुखणं. ही सगळी जुळणी करायला वेगळा प्रोग्राम लागतो. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध हर्फबझ नावाचा आहे. नाव फारसी, हर्फ म्हणजे अक्षर. पुष्कळ फोनमध्ये, ब्राउझरमध्ये तोच देवनागरी जुळवून दाखवतो. पण तो राहतो वरच्या मजल्यावर, चित्रांच्या राज्यात. तळमजल्यावर त्याला जागा नाही.

थोडक्यात, सगळं सुरळीत असताना यंत्र मराठीत बोलतं. बिघडलं की त्याची मराठी सगळ्यात आधी जाते.

आता तुम्ही म्हणाल, ही तांत्रिक अडचण आहे, त्यात एवढं काय. मलाही आधी तसंच वाटलं. पण रात्री विचार करताना वाटलं, ही फक्त यंत्राची गोष्ट नाही. आपण मराठीचं बहुतेक ठिकाणी असंच केलं आहे. शुभेच्छा मराठीत, आमंत्रण मराठीत, पाटी मराठीत. पण फ्रिजची वॉरंटी इंग्रजीत, विम्याच्या अटी इंग्रजीत, औषधाच्या डबीतली घडी घातलेली चिठ्ठी इंग्रजीत. जिथे काही बिघडतं, भांडावं लागतं, दुरुस्त करावं लागतं, तिथे मराठीचे चौकोन होतात.

मी इंग्रजीचा द्वेष करणारा नाही. बी.ए. मराठी माध्यमातून केलं, त्यामुळे इंग्रजी वाचताना आजही ओठ हलतात, पण वाचतो. आणि मराठीत काम झालेलंच नाही असंही नाही, उलट पुष्कळ झालं आहे. २००० नंतरच्या काळात इंडलिनक्ससारख्या गटांनी भारतीय भाषांतला डेस्कटॉप हा ध्यास घेतला. रेड हॅट कंपनीने २००४ साली लोहित नावाचे फॉन्ट सगळ्यांना मोकळे करून दिले. (लोहित म्हणजे लाल, रेड हॅटला साजेसं!) त्या कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत बसून लोकांनी हजारो वाक्यं मराठीत आणली. सी-डॅकने २००७ साली बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं, त्यात मराठी आहे. पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प तर लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात फुकट देतो. ज्यांनी हे केलं त्यांच्यामुळेच मी आज मराठी मेनू पाहतो. त्यांना माझा नमस्कार.

पण ते काम बहुतेक वरच्या मजल्याचं. यंत्र सुरू कसं करायचं, पत्र कसं लिहायचं, चित्र कसं काढायचं. बंद पडलं तर काय करायचं, हे मराठीत शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. मी त्या रात्री फोनवर मराठीत शोधलं, 'पासवर्ड टाकूनही लिनक्स आत घेत नाही'. जे आलं त्यात निम्मं बँकेच्या पासवर्डबद्दल होतं.

तर आता पुढची हकीकत. भाच्याला मीटिंग होती. त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, एका वेळी एकच बदल करा. दोन, जे कराल ते आधी वहीत लिहा. तीन, काही पुसण्याआधी कॉपी करा. (हे मी त्याला पाचवीत असताना गणिताच्या वहीबद्दल सांगत असे. पेरलं ते उगवलं.)

आधी कॉपी. पेन ड्राइव्ह लावला, जोडणीची आज्ञा त्याने अक्षर अक्षर सांगून लिहून दिली होती. फोल्डरला नावाने हाक मारता येत नव्हती, पण त्यावर तोड आहे. नावाच्या जागी फुली, म्हणजे तो तारा, टाकला की अर्थ होतो 'जे असेल ते सगळं'. सगळं उचललं. मग पेन ड्राइव्हवर एकेक फोल्डर उघडून पाहत गेलो, आणि एकामध्ये चौकोनांच्या ओळी मोजल्या. सतरा. काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, पण सतरा होत्या. मी चहा प्यायलो.

मग डीएफ ही आज्ञा, पुढे मोकळी जागा, आडवी रेघ आणि एच. ही डिस्कवर किती जागा आहे ते सांगते. (इथे मी आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाईप करताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत करायच्या.) मुख्य डिस्कपुढे आकडा होता १०० टक्के. भरलेली! आता सगळं जुळलं. डेस्कटॉपमध्ये शिरताना यंत्राला घरात एक छोटी चिठ्ठी लिहावी लागते, ओळखपत्रासारखी. जागाच नाही, चिठ्ठी लिहिता येईना, म्हणून परत ओट्यावर. आणि बिचाऱ्याला हे सांगायलाही चित्राच्या मजल्यावर कुणी नव्हतं.

पण २४० जीबीची डिस्क भरली कशाने? माझी रेकॉर्डिंग्ज सगळी मिळून काही जीबी. डीयू नावाची आज्ञा कुठल्या कपाटात किती सामान आहे ते सांगते. एकेक कपाट उघडत गेलो. व्हार, त्यात लॉग, आणि तिथे दोन फाइली फुगून बसलेल्या. सिसलॉग आणि कर्न लॉग. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी.

पुसायचा मोह झाला. पण वाचल्याशिवाय वही फेकायची नाही, ही आमची जुनी सवय. टेल ही आज्ञा फाइलीच्या शेवटच्या दहा ओळी दाखवते. दहाही ओळी जवळजवळ एकसारख्या. पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी करेक्टेड. मला पीसीआयई कळलं नाही, बस कळली नाही, पण करेक्टेड कळलं! लाल शाईने ते काम मी आयुष्यभर केलं. म्हणजे यंत्राच्या आत दोन भागांच्या बोलण्यात कुठेतरी बारीक चूक होत होती, ती त्याच क्षणी आपोआप सुधारलीही जात होती, आणि यंत्र प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे रोजनिशीत लिहीत होतं, 'चूक झाली, सुधारली.' लाखो वेळा. इतक्या वेळा की सुधारलेल्या चुकांच्या नोंदींनी घर भरलं आणि घरमालक बाहेर. मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. अशी माणसं मी पाहिली आहेत.

ती इंग्रजी ओळ जशीच्या तशी फोनवर शोधली. तत्काळ उत्तरं! हे अनेक लॅपटॉपवर होतं, माझंच नशीब फुटकं नव्हतं. दोन गोष्टी करायच्या होत्या. पहिली, त्या दोन फाइली रिकाम्या करायच्या, ट्रंकेट नावाच्या आज्ञेने, आधी सुडो लावून, म्हणजे मालकाच्या अधिकाराने. इथे एक गंमत कळली. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ मांडणीत डिस्कचा पाच टक्के भाग मालकासाठी राखीव असतो. घर भरलं तरी मालकाला आवराआवरी करायला पाय ठेवण्यापुरती जागा राहते. कोणीतरी किती विचार करून ठेवला आहे! दुसरी गोष्ट, सुरू होतानाच्या सूचनांत दोन शब्द घालून ती बडबड बंद करायची. हा इलाज आजारावर नाही, आजाराच्या नोंदीवर आहे, हे मी जाणतो. पण चूक आपोआप सुधारत असेल तर सध्या तेवढं पुरे.

यंत्र बंद करून सुरू केलं. पासवर्ड. पडदा काळा झाला. मी श्वास धरला. आणि सगळी चित्रं आली. फोल्डर उघडलं, 'मिठागर', स्वच्छ मराठीत. पहिली फाइल लावली. तो म्हातारा खोकला आणि म्हणाला, "चालू झालं का?" सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं वाटतं!"

दीड दिवस गेला, खर्च शून्य. फॉरमॅटला एक संध्याकाळ लागली असती.

आता माझं मत.

काही जण म्हणतील, यंत्राचे चुकांचे संदेशही मराठीत करा. मी त्यांच्या बाजूचा नाही, निदान पूर्णपणे नाही. ती इंग्रजी ओळ जशीच्या तशी होती म्हणून मला उत्तर सापडलं. तिचं कोणी भाषांतर केलं असतं, तर मी जगात एकटा पडलो असतो, कारण त्या मराठी ओळीने शोधणारा दुसरा कुणी नसता. औषधाचं नाव जसं आहे तसं राहू द्यावं. पण ते कशासाठी, कधी घ्यायचं, काय झालं तर डॉक्टरांकडे जायचं, हे मात्र आईच्या भाषेत हवं. मूळ संदेश तसाच ठेवावा, आणि त्याच्याखाली त्याचा अर्थ, त्याची हकीकत, त्यावरचा उपाय मराठीत लिहावा. ते काम कंपनी करणार नाही, सरकारही करणार नाही. ते आपल्यासारख्यांचं काम आहे.

केरळकडे पाहा. तिथल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं लिनक्स शिकवतात, आता काइट नावाची त्यांची संस्था ते सांभाळते. त्यात पैसे वाचले हा मुद्दा सगळे सांगतात. मला त्यातलं वेगळंच आवडतं. शिक्षकांना दुरुस्तीचं भान आलं. आम्ही शिक्षक असताना संगणकाचा जो कोर्स केला, त्यात माउस धरायला शिकवलं, आणि पडदा काळा झाला तर सरांना हाक मारायला शिकवलं. सर नसतील तर? हा प्रश्न परीक्षेत नव्हता.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी आम्ही सोसायटीत पेढे वाटले. २०२५ च्या जुलैत आमच्या मीरा रोडला भाषेवरून मोर्चे निघाले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. त्या वादात मी इथे शिरत नाही. एवढंच म्हणतो की भाषेचा मान पाटीवर असतो, पण भाषेची ताकद दुरुस्तीत असते. ज्या भाषेत माणूस आपली बिघडलेली वस्तू नीट करू शकतो, ती भाषा त्याला सोडवत नाही. ज्या भाषेत फक्त शुभेच्छा देता येतात, ती हळूहळू सणासुदीचीच उरते. मिठागरांवरच्या त्या म्हाताऱ्यांची बोली अशी नव्हती. बांध फुटला, पाणी आलं, तर त्यांनी ओरडून एकमेकांना काय करायचं ते त्याच बोलीत सांगितलं. म्हणून तर तिच्यात इतके शब्द आहेत. संकटात वापरल्याशिवाय शब्द जन्माला येत नाहीत.

म्हणून ब्लॉगर मित्रांना एक विनंती. आपण सगळे प्रवासवर्णनं लिहितो, आठवणी लिहितो, पाककृती लिहितो. कधीतरी एक दुरुस्ती लिहा. काय बिघडलं, काय दिसलं, आधी काय चुकीचं केलं, मग काय सापडलं. संदेश मूळ इंग्रजीत जसाच्या तसा द्या, बाकी आपल्या भाषेत. मिक्सर असो, गीझर असो, फोन असो, लिनक्स असो. शब्द अडला तर बनवू नका, जो तोंडी आहे तो वापरा. संचयिका म्हणायची गरज नाही, फोल्डर चालेल. पण वाक्य मराठी असू द्या.

आणि नातेवाईक मंडळींना, विशेषतः तरुण भाचे, पुतणे, नातवंडांना एक सांगणं. घरातल्या म्हाताऱ्याचं यंत्र बिघडलं की तुम्ही प्रेमाने कीबोर्ड ओढून घेता आणि दोन मिनिटांत नीट करून देता. उपकार होतात, पण पुढच्या वेळी आम्ही पुन्हा तुमच्याच दारात. माझ्या भाच्याने कीबोर्ड ओढला नाही. (पुण्याहून ओढता आला नसता हेही खरं!) त्याने एवढंच विचारलं, "मामा, काय दिसतंय ते वाचून दाखवा." तेवढं विचारा. वाचायला आम्हाला येतं.

शेवटी बॅकअप. आता दर रविवारी पूजेनंतर पेन ड्राइव्ह लावतो. सौ. म्हणते, हा नवा देव कुठला. मी वहीचं पहिलं पान दाखवतो. त्यावर दुरुस्तीची सगळी हकीकत लिहिली आहे, आज्ञांसकट, पेनाने. पुन्हा पडदा काळा झालाच, तर ते पान मराठीत वाचता येईल. तिथे चौकोन होत नाहीत. :-)

तुमच्याकडे अशी एखादी दुरुस्तीची गोष्ट असेल तर जरूर कळवा.

लोभ असावा.